मेर, मेर आणि तिसरी मेर : समरूप शब्दांच्या कोशाच्या नोंदी

१२ मे

शाळेला सुट्टी लागली, कोशाचं काम पुन्हा हातात घेतलं. आम्ही तिघंच आहोत. ताई (आयुष्यभर भाषाविज्ञान शिकवलं, आता निवृत्त), त्यांचा भाचा (संगणकाची बाजू त्याच्याकडे) आणि मी. दोन किंवा अधिक भाषांत अगदी सारखे दिसणारे शब्द गोळा करायचे, त्यांचे अर्थ द्यायचे आणि ते एकमेकांचे कोण लागतात ते मराठीत सांगायचं, एवढाच उद्योग. सख्खे, चुलत, की नुसतेच एका गल्लीत राहणारे?

आज तक्ता उघडला तर ओळ ४१२ पिवळी. शब्द: मेर. भाषा: रोमान्योल आणि वेल्श. अर्थ: रिकामं. मूळ: "केल्टिक?" शेरा माझाच, गेल्या डिसेंबरातला. (केल्टिक म्हणजे वेल्श, आयरिश वगैरेंचं भाषाकुळ.) अर्थाचा रकाना मोकळा सोडून मुळाचा रकाना भरण्याचा पराक्रम रात्री बारानंतरच होऊ शकतो.

वाचणाऱ्यांसाठी खुलासा: मूळ लिपी रोमन. एम, टोपी घातलेला ई आणि आर अशी तीन अक्षरं. दोन्ही भाषांत टोपीसकट तंतोतंत तशीच.

रोमान्योल म्हणजे इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताच्या आग्नेय भागातली बोली. रावेन्ना, फोर्ली, चेझेना, रिमिनी हा तिचा मुलूख. शिवाय सान मारिनो आणि शेजारच्या मार्के प्रांताची उत्तरेकडची कड. तिची युनेस्कोच्या नकाशात धोक्यातल्या भाषांत गणना आहे. वेल्श वेल्सची. तिथल्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ५,३८,००० लोकांनी वेल्श येत असल्याचं सांगितलं, म्हणजे १७.८ टक्के.

१३ मे

भाच्याचा सकाळी निरोप: "४१२ दोनदा येतंय. एक ओळ उडवू का?"

उडवू नको म्हटलं, आधी बघू. बघितलं तर पडद्यावर दोन्ही शब्द एकमेकांची झेरॉक्स. शोधायला गेलं की मात्र एकच सापडतो. तासभर डोकं खाल्ल्यावर कळलं: एका ओळीत टोपीवाला ई हे एकच तयार अक्षर आहे, दुसरीत साधा ई आणि त्याच्यावर वेगळी चिकटवलेली टोपी, अशी दोन चिन्हं. माणसाच्या डोळ्याला एक, यंत्राला दोन. वेल्श शब्द मी कीबोर्डवरून टाइप केला होता, रोमान्योल कुठल्यातरी स्कॅन केलेल्या पानावरून उचलला होता, गोम तिथे.

आपल्याकडे हे नवं नाही. "ऱ" एका अक्षरात टाइप होतो, तसाच साधा र आणि खाली नुक्ता असाही होतो. असल्या जोड्या युनिकोडच्या (अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) प्रमाणीकरणाने एक होतात. "दुसऱ्या"मधला र मात्र काही जण जुन्या पद्धतीने, न दिसणारा जोडक घालून लिहितात. तो घोळ प्रमाणीकरणाने सुटत नाही, त्याला हाताने नियम लिहावा लागतो. भाच्याने दोन्ही बसवले. ४१२ आता एकच ओळ.

दुसरी चूकही निघाली. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत २००९पर्यंत एमिलियन (रोमान्योलची शेजारीण) आणि रोमान्योल या दोघींना मिळून एकच सांकेतिक खूण होती. मग ती रद्द करून दोघींना स्वतंत्र खुणा दिल्या. आमच्या तक्त्यात जुनीच चालली होती. सात ओळी दुरुस्त.

१९ मे

आज फक्त रोमान्योल.

अर्थ: समुद्र. पुल्लिंगी. तिकडे समुद्र म्हणजे एड्रियाटिक. उथळ, मवाळ, वाळूच्या लांबच लांब किनाऱ्याचा. मूळ लॅटिन "मारे", इटालियनमध्येही "मारे"च. केल्टिकचा इथे काही संबंध नाही. डिसेंबरातला अर्धा शेरा आजच खोडला.

पण "मारे"चा "मेर" कसा झाला? गंमत तिथेच आहे, कारण हे एकट्या शब्दाचं नशीब नाही. लॅटिनमधला आघात असलेला "आ" अक्षराच्या शेवटी मोकळा आला की रोमान्योलमध्ये तो पुढे सरकतो, "ए"कडे जातो. मिठाला लॅटिनमध्ये "साल", रोमान्योलमध्ये तोच टोपीवाला ई घालून "सेल". बापाला "पेदर", आईला "मेदर". गाणे हे क्रियापद इटालियनमध्ये "कान्तारे", इथे "कान्ते". आणि त्याच "आ"नंतर दुहेरी व्यंजन येऊन वाट अडली तर तो जागचा हलत नाही, नुसता लांबतो. गाडीला लॅटिनमध्ये "कार्रुस", रोमान्योलमध्ये "कार". "केर" नाही.

नियम एकदा असा हाती लागला की शब्द ओळखायला चेहरा लागत नाही. चालीवरून कळतं कुठल्या घरचा आहे ते.

फ्रेंचनेही हेच केलं: "मारे"चा "मेर", "साल"चा "सेल". फ्रेंचमध्ये तर समुद्र, आई आणि नगराध्यक्ष या तिघांचाही उच्चार "मेर". लिहिताना वेगळे, बोलताना एक. ताई म्हणाल्या, "ती ओळ ४१३ कर. या ओळीत कोंबू नकोस." मी कोंबणारच होते.

उच्चाराबद्दल: रोमान्योलमधला हा टोपीवाला ई सरळ "ए" नाही. तो "ए" किंवा "ॲ"पाशी सुरू होतो आणि "अ"कडे घसरतो. देवनागरीत जवळात जवळ "मॅअर". गावोगावी थोडा फरक. फ्रीडरिख शुर या व्हिएन्नाच्या अभ्यासकाने फोनोग्राफवर या बोलींचे नमुने घेतले आणि १९१७ मध्ये ते उच्चारलेखनासह छापले. परक्या देशातून आलेल्या माणसाने या स्वरांच्या घसरगुंडीसाठी एवढा जीव काढावा, याचं मला कौतुक वाटतं. इटालियन महाकवी दान्तेला मात्र नव्हतं वाटलं. १४व्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या बोलींचा हिशेब मांडताना त्याने या बोलीवर शेरा मारला की ती इतकी मऊ आहे की पुरुष बोलला तरी बाई बोलतेय असं वाटावं. म्हातारपणी आसरा मिळाला तो याच मुलखात. १३२१ मध्ये रावेन्नातच वारला.

इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या १९७३च्या "आमारकोर्द" या चित्रपटाचं नाव रोमान्योलच आहे: "मला आठवतं". नाव माहीत असलेल्या दहांपैकी नऊ जणांना ते इटालियन वाटतं. मलाही मार्चपर्यंत वाटत होतं.

२१ मे

काही नाही. वीज गेली होती.

२६ मे

आज वेल्श. अर्थ: हाडातला मगज. मज्जा.

समुद्राशी काही घेणंदेणं नाही. "मेर एस्गिर्न" म्हणजे हाडांची मज्जा. लाक्षणिक अर्थाने गाभा, सार. थंडी फार झाली किंवा एखादी गोष्ट अगदी आत भिनलेली असली की "हीड वेर एस्गिर्न" म्हणतात: हाडांच्या मज्जेपर्यंत. आपण "हाडीमाशी खिळलेलं" म्हणतो तसं.

आता "मेर"चा "वेर" कुठून आला, यावर सकाळ गेली. कोशात "वेर" शोधलं, सापडेना. वेल्शमध्ये आधीच्या शब्दाचा परिणाम म्हणून पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं. "हीड" (पर्यंत) आला की पाठोपाठचा "म" मऊ पडून "व" होतो. लिहितात रोमन एफ, वाचतात "व". कोशात शोधताना उलटं चालत "म"पर्यंत यावं लागतं. एफ दोनदा लिहिला तर मात्र उच्चार खराच "फ" होतो आणि "फेर" म्हणजे घोटा. मी आधी तिथेच पोचले होते, आणि पाच मिनिटं "हाडांच्या घोट्यापर्यंत" या वाक्प्रचारावर मनन करत बसले होते.

मराठी माणसाला "म"चा "व" परका वाटू नये. ग्रामचं गाव, नामचं नाव, कोमलचं कोवळं, आमलकचा आवळा. फरक इतकाच की आपल्याकडे हे काम प्राकृताच्या काळात, दोन स्वरांच्या मधे, एकदाच होऊन गेलं. गावाचा पुन्हा ग्राम कोणी बोलताना करत नाही. वेल्शमध्ये ते रोज, प्रत्येक वाक्यात, शब्दाच्या उंबरठ्यावर घडतं, आणि शेजारी बदलला की शब्द पुन्हा मूळ रूपात.

मूळ: "स्मेरु"सारखं काहीतरी जुनं केल्टिक रूप, त्याच्याही मागे इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, केल्टिक या सगळ्यांची समाईक आदिभाषा. अर्थ चरबी, वंगण, स्निग्ध पदार्थ. आयरिशमध्ये "स" शाबूत आहे: "स्मिर", मज्जाच. स्वीडिशमध्ये "स्मोर" म्हणजे लोणी. वेल्शने सुरुवातीच्या "स्म"मधला "स" टाकून दिला. हेही एकट्याचं नाही: आयरिशमध्ये काळ्या रानबेरीला "स्मेर", वेल्शमध्ये "मुइअर". दोन उदाहरणं मिळाल्यावर जीव भांड्यात पडला. (आपणही "स्म" सहन केला नाही, संस्कृतातल्या "अस्म"चं "अम्ह" करून "आम्ही" झालो. फक्त "स"ला अगदी हाकललं नाही, "ह" करून ठेवून घेतलं.)

म्हणजे डिसेंबरातला "केल्टिक" हा शेरा वेल्शपुरता बरोबर निघाला. अर्धा गुण.

२७ मे

टोपीचं राहिलंच. वेल्शमध्ये तिला "तो बाख" म्हणतात, म्हणजे छोटं छप्पर. किती नेमकं नाव! तिचं काम फक्त स्वर दीर्घ आहे हे सांगणं. एकाक्षरी शब्दात शेवटी ल, न किंवा र आला की आधीचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे लिहिण्यावरून कळत नाही, म्हणून छप्पर चढवतात. छप्पर नसलेला "मॉर" म्हणजे "इतका". छप्पर असलेला "मोर" म्हणजे समुद्र.

रोमान्योलमधली टोपी मात्र लांबीसाठी एवढी नाही, स्वराचा रंग सांगण्यासाठी आहे: हा तो घसरणारा ई, दुसरा नव्हे. म्हणजे दोन शब्दांत अर्थ वेगळा, मूळ वेगळं, उच्चार वेगळा आणि टोपीही वेगळ्या कामाची. सारखं आहे ते फक्त कागदावर.

आणि वर लिहिता लिहिता काय लिहून गेले ते आत्ता वाचलं. वेल्शमध्ये समुद्राला "मोर".

ताईंना रात्री साडेदहाला फोन. "ताई, वेल्श मोर आणि रोमान्योल मेर!"

"अगं मग? लॅटिन मारे, जर्मन मेअर, रशियन मोर्ये, वेल्श मोर, सगळी एकाच आजीची नातवंडं. तुला आज कळलं?"

"पण मी दुसऱ्याच शब्दाला तिचा भाऊ समजत होते."

"तोंडावळ्यावर गेलीस. झोप आता."

२८ मे

तर ४१२ची खरी मांडणी अशी: रोमान्योलची समुद्रवाली मेर आणि वेल्शची मज्जावाली मेर, नातं शून्य. रोमान्योल मेर आणि वेल्श मोर, नातं सख्खं. तेही उसनवारीचं नाही. लॅटिनने आपला "मारे" जपला, केल्टिकने आपला "मोरि". गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश; तिथल्या गॉल लोकांची भाषाही केल्टिक) समुद्रालगतच्या मुलखाला "आरेमोरिका" म्हणत, म्हणजे समुद्रासमोरचा. फ्रान्समधला आजचा ब्रिटनी प्रांत त्यातच येतो. वेल्शमध्ये किनारपट्टीला आजही "आरवोरदिर" म्हणतात: समुद्रापाशी असलेली भूमी. तिथेही "मोर"चा "वोर" झालेला आहेच.

इंडो-युरोपीयच्या पश्चिमेकडच्या शाखांत हा शब्द भरपूर. आपल्याकडे समुद्र, सागर, अर्णव, सिंधू, मग फारसीतून दर्या. "मोरि"चं निर्विवाद रूप नाही.

२ जून

"केल्टिक?" हा शेरा मी का लिहिला होता, ते आज आठवलं. रोमान्याच्या भूमीवर एके काळी गॉल लोकच होते: बोलोन्याच्या बाजूला बोई, रिमिनीपासून दक्षिणेकडे सेनोन. रोमनांनी इ.स.पू. २६८ मध्ये रिमिनीला वसाहत केली आणि इ.स.पू. १८७ मध्ये तिथून पिआचेन्झापर्यंत सरळ रस्ता टाकला. त्या रस्त्याच्या नावावरूनच एमिलिया. गॉलांची भाषा आणि वेल्शची पूर्वज ब्रिटॉनिक या एकमेकींच्या जवळच्या. तेव्हा दोन्हीकडे सापडणारा शब्द गॉलांचा अवशेष असेल, असं डिसेंबरात वाटलं. विचार वाईट नव्हता. शब्द चुकीचा निवडला होता.

बरोबर शब्द १९ मेच्या नोंदीतच पडून होता: "कार". लॅटिन "कार्रुस" हा मुळात लॅटिनचा नाहीच. रोमनांनी तो गॉलांकडून घेतला, चाकाच्या गाडीसकट. रोमान्योल "कार" म्हणजे बैलगाडी. वेल्शमध्येही "कार" मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे; डोंगरउतारावरून गवत, लाकूड खाली ओढून आणायच्या बिनचाकी गाडीला "कार ल्लुस्ग" म्हणत. आणि लॅटिनमधून फ्रेंच, फ्रेंचमधून इंग्रजी, इंग्रजीतून आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. काल खाली दोघे "माझी कार, तुझी कार" करून भांडत होते. गॉलांच्या गाडीवरून भांडताहेत हे त्यांना सांगायला जायचा मोह आवरला.

रोमान्यात बैलगाडीचा थाट असायचा. जू घसरू नये म्हणून दांडीच्या टोकाशी लोखंडी खीळ ठोकत. तिला वर कड्या, गाडी चालली की खणखणायच्या. "कावेया" म्हणतात तिला. आज ती अख्ख्या रोमान्याची खूण झाली आहे. आपल्याकडच्या बैलांच्या घुंगुरमाळा आठवल्या.

"कार"साठी नवी ओळ उघडली: ४१४.

९ जून

भांडण. (सौम्य.)

भाच्याचं म्हणणं: कोश देवनागरीत आहे, तेव्हा मथळाही देवनागरीत हवा. बरोबर. पण देवनागरीत आपण उच्चार लिहितो. उच्चार लिहिला की रोमान्योल होतो "मॅअर" आणि वेल्श होतो "मेर". मग ते समरूप राहतच नाहीत! ज्या कारणासाठी ते आमच्या कोशात आले ते कारणच लिपी बदलताना गळून पडतं.

भाचा म्हणाला, मग ओळ काढून टाकू. मी म्हटलं, महिनाभर काय मी झोपा काढल्या?

ताईंनी तोडगा दिला. मथळा "मेर" हाच, आणि खाली पहिल्याच वाक्यात: हे दोन शब्द मूळ रोमन लिपीत सारखे लिहितात, बोलतात वेगळे. "लिपी हा शब्दाचा पोशाख गं. एका शिंप्याकडे शिवले म्हणून भाऊ होत नाहीत. पण एका शिंप्याकडे शिवलेत, हीसुद्धा माहिती आहे. ती दे."

१८ जून

वाचकाला हे समजावायला मराठी उदाहरण हवं. दोन आठवडे शोधत होते. आज डब्यात बसून, दादरला उतरायच्या बेतात असताना, शेजारची कॉलेजातली मुलगी फोनवर म्हणाली, "काय मज्जा आली यार!"

मज्जा!

एक मज्जा हाडातली, संस्कृत. मज्जारज्जू, मज्जासंस्था, मज्जातंतू, सगळी तिची मंडळी. दुसरी मज्जा म्हणजे फारसी "मजा", चव, आस्वाद. आनंद जास्त झाला की आपण "ज"वर जोर देऊन त्याचा जोडाक्षर करून टाकतो. लिहिताना अक्षर न् अक्षर तेच. नातं काही नाही.

आणि खरा नातलग कोण? मगज. हा फारसी "मग्झ", मेंदू, गर, आतला गाभा. फारसी आणि संस्कृत या बहिणी, आणि "मग्झ" व "मज्जा" एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. रशियनमध्ये मेंदूला "मोझ्ग" म्हणतात, तोही त्यांचाच. म्हणजे मज्जा आणि मज्जा परक्या. मज्जा आणि मगज सख्खे. मेर आणि मेर परके. मेर आणि मोर सख्खे. वर कहर म्हणजे वेल्श मेरचा अर्थच मज्जा. इतकं नेटकं जुळलं की मलाच संशय आला. घरी येऊन तीन ठिकाणी पडताळलं. आहे तसंच आहे.

या नादात दादर मागे पडलं. भायखळ्याला उतरून उलटी आले.

६ जुलै

गावी, कुडाळजवळ. लावणी. दोन दिवस कोश बंद असं ठरवून आले होते.

सकाळी शेतात उतरले. पाऊस बारीक, चिखल पोटरीपर्यंत, एका बाजूला तरव्याच्या जुड्या बांधून ठेवलेल्या. मी आपली शहरी चालीने सरळ मधूनच निघाले. मागून काकी ओरडली:

"गो, मेरेवरसून चल! तरवो तुडवशीत!"

मी जागच्या जागी उभी. एक पाय चिखलात, एक हवेत.

मेर. शेताचा बांध. लहानपणापासून ऐकलेला शब्द. मेरेवर बसून भाकरी खाल्लीय, मेरेवरून घसरून पडलेय. दोन महिने "मेर, मेर" लिहीत होते आणि एकदाही आठवला नाही. "मेर मोडली", "पाणी मेरेवरून गेलं", "त्याने मेर आत सरकवली" (हे भांडणाचं मूळ, गावोगाव). गोव्यातही भातशेताच्या बांधाला मेरच म्हणतात.

शिवाय उच्चार. दीर्घ ए, मग र. वेल्श मेरशी हुबेहूब. रोमन लिपीत जिची जोडी रोमान्योलशी होती, तिची देवनागरीत येताच आमच्या काकीच्या शेताशी जमली.

दुपारी ताईंना फोन. रेंज फक्त मांगराच्या मागे, तिथे छत्री धरून उभी राहिले.

मूळ प्राकृत "मेरा", म्हणजे सीमा. अर्थाने मर्यादेची बहीण. आणि इथे माझं डोकं पळायला लागलं. "समुद्र मर्यादा सोडत नाही" असं आपण म्हणतोच. मर्यादा या शब्दाला संस्कृतात किनारा असाही अर्थ आहे. जुन्या व्युत्पत्तिकारांपैकी काहींनी मर्यादा हा शब्द त्याच "मोरि" समुद्राशी नेऊन जोडला आहे. मग काकीची मेर आणि रिमिनीची मेर...

"थांब," ताई म्हणाल्या. "मेरा आणि मर्यादा एक, ही पहिली उडी. मर्यादा आणि मोरि एक, ही दुसरी. पहिलीच उडी अर्थावर मारलीस. ध्वनीचा नियम दाखव."

नियम माझ्याकडे नव्हता.

"डिसेंबरात 'केल्टिक?' लिहिलं होतंस, आठवतं? तेव्हा रात्र होती. आता तर भर दुपार आहे."

छत्रीवर पावसाचा आवाज एवढा की बाकीचं ऐकू आलं नाही. पण ओरडा होता.

७ जुलै

काकीला रात्री जेवताना सगळं सांगितलं. इटलीतला समुद्र, वेल्समधल्या हाडातली चरबी. तिने शांतपणे ऐकून घेतलं, ताटात कुळथाची पिठी वाढली आणि विचारलं, "मगे त्यांच्यात मेरेक काय म्हणतत?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

वेल्शपुरतं उत्तर होतं: "क्लाउद". मातीचा घातलेला बांध. त्याच शब्दाचा अर्थ बांधासाठी माती काढून झालेला चरही होतो. इंग्लंड-वेल्सच्या सरहद्दीवर आठव्या शतकातला जो लांबलचक मातीचा बांध आहे, ऑफा राजाच्या नावाचा, तोही वेल्शमध्ये "क्लाउद ऑफा".

"दोन राजांची मेर ती," काकी म्हणाली. "मगे कोणी आत सरकवली?"

१२ जुलै

डोंबिवली. ४१२ पूर्ण केली. जशी चढवली तशी इथे ठेवते:

"मेर. (१) रोमान्योल, पुल्लिंगी: समुद्र. लॅटिन मारे. उच्चार मॅअर. (२) वेल्श: मज्जा, लाक्षणिक अर्थाने गाभा. जुनं केल्टिक स्मेरु. उच्चार मेर, आधीच्या शब्दामुळे वेर. हे दोन शब्द मूळ रोमन लिपीत सारखे लिहितात, बोलतात वेगळे, नातं नाही. (१)चा वेल्शमधला खरा नातलग मोर, समुद्र. ताडून पाहा: मराठी मज्जा, मज्जा, मगज. (३) मराठी, कोकणी, स्त्रीलिंगी: शेताचा बांध. प्राकृत मेरा. (१) आणि (२)शी नातं दाखवता येत नाही."

ताईंनी शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवली होती: "नातं नाही" असं सरळ लिही. मी "दाखवता येत नाही" ठेवलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं आणि सोडून दिलं.

भाच्याचा निरोप: ४१२ पुन्हा दोनदा दिसतेय. या वेळी "मेर"च्या पुढे एक रिकामी जागा सुटली होती, माझ्याच हातून.

उद्या ४१३, फ्रेंचांची आई, समुद्र आणि नगराध्यक्ष.